मत आणि नारळ

निवडणुकीच्या तोंडावर गावातल्या एकूण एक खटल्याला पुढची तारीख पडली, तेव्हाच इरावतीच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या आईचं घर भाऊबंदांनी बळकावलं होतं. त्या खटल्याचा निकालही लटकला. सोनखांबात न्यायाधीश लोकच निवडत, हात वर करून. यंदा आताचे न्यायाधीश तात्यासाहेब रणदिवे यांच्याविरुद्ध दिघे वकील उभे होते.

सभेत तात्यासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "निकालाआधी मला साधा नारळ जरी कुणी दिला, तरी तो खटला हरलाच म्हणून समजा. असा आहे मी. आता करा हात वर."

भराभर हात वर गेले. इरावती गोंधळली. हात न करावा तर घर जायचं. अर्धवट उचललेला हात तसाच ठेवून तिनं चाचरत विचारलं, "साहेब, मत नारळापेक्षा मोठं ना?"

"मोठंच."

"मग खटला लोंबकळत असताना ते तुम्हाला दिलं, तर आम्ही सगळेच हरणार?"

सगळे हात खाली आले.

"ज्यांचा खटला नाही, त्यांनी तरी हात करा," इरावती बावरून म्हणाली. "आहे का कुणी?"

एकही हात वर झाला नाही. शेवटी तात्यासाहेबांच्या पत्नी उठल्या.

"माझा खटला नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा मोकळेपणानं सांगते. माझं मत दिघे वकिलांना."