साळिंदराने उघडलेलं दार

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी? जंगलात घरोघरी कॉम्प्युटर नुकते आले होते, तेव्हाची.

टेकडीखालच्या बिळात एक साळिंदर राहत असे. मोठा सावध प्राणी. दाराशी कुणी आलं, की तो पाठ फिरवून काटे फुलवायचा, नीट हुंगायचा आणि ओळख पटली तरच बाजूला सरकायचा. सख्खा मेहुणाही यातून सुटला नव्हता.

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आईच्या आवाजातल्या पाच अंगाया होत्या. आई आता नव्हती. पण रात्रभर हुंदडून सकाळी घरी आलेली पिल्लं आजीचं गाणं ऐकल्याशिवाय डोळे मिटत नसत.

एका सकाळी पडद्यावर लाल अक्षरं झळकली, 'तुमच्या कॉम्प्युटरला कीड लागली आहे. ताबडतोब इथे टिचकी मारा, नाहीतर सगळं जाईल.'

साळिंदराचं धाबं दणाणलं. हुंगण्याचं भान राहिलं नाही. त्याने टिचकी मारली, विचारला तो पासवर्डही देऊन टाकला. कीड तोवर नव्हतीच. ती त्यानेच आत घेतली. बघता बघता पाचही अंगाया पुसल्या गेल्या.

पिल्लांनी रडून बीळ डोक्यावर घेतलं, तशी शेजारची खार धावत आली.

"खारूताई, आईचा आवाज मी माझ्याच हाताने घालवला गं," साळिंदर मान खाली घालून म्हणाला.

"पिल्लांच्या बारशाला मी ती गाणी पेनड्राइव्हवर उतरवून नेली होती," खार म्हणाली. "जपायची वस्तू आम्ही एका जागी ठेवत नाही, दादा. पुरून ठेवलाय. फक्त कुठे, ते आठवत नाही."

खारींचं हे असंच. दोघांनी मिळून अर्धी टेकडी उकरली. चिंचोके निघाले, बोरांच्या बिया निघाल्या. सातव्या खड्ड्यात सागाच्या पानात गुंडाळलेला पेनड्राइव्ह सापडला. साळिंदर तो घेऊन धावत सुटला, पण खारीने वाट अडवली.

"आधी कीड काढू. नाहीतर हीसुद्धा जातील."

तिने कॉम्प्युटर पार पुसून साफ केला, नवा पासवर्ड घालायला लावला आणि मगच गाणी आत घेतली. पिल्लं पहिल्या कडव्यालाच झोपली. साळिंदर मात्र पाचही अंगाया संपेपर्यंत डोळे पुसत बसला.

महिन्याभराने तीच लाल अक्षरं पुन्हा आली. साळिंदराने शांतपणे कॉम्प्युटरकडे पाठ केली, काटे फुलवले आणि खारीला हाक मारली.

भीती घालून घाई करायला लावणाऱ्या अनोळख्याला दार उघडू नये, आणि जिवापाड जपायची वस्तू एकाच जागी ठेवू नये.