रिकाम्या जात्याचा आवाज

सगळ्यात आधी बिघडला तो जात्याचा आवाज, असे बोरखडीतली म्हातारी माणसे सांगतात.

आजही पीक हातचे जाईल त्या साली इथल्या बायका जात्याची वरची दगडी तळी उचलून अंगणात आणून ठेवतात. कुणी काही विचारत नाही. येणाराजाणारा तिच्यावर मूठभर धान्य ठेवतो नि वाटेला लागतो. ही रीत गोजरा नावाच्या सुनेने पाडली म्हणे.

गोजरा पाल चुकचुकली तरी दचकायची. "हिच्यापुढे शिंकायचीही चोरी," असे सासू म्हणायची. त्या वर्षी पेरणीला पाऊस वेळेवर आला नाही. आला तो कणसात भरलेली ज्वारी काळी करायला. पुढे एका पहाटे शेजारच्या ठकूबाईचे जाते ऐकून गोजरा अंथरुणातच उठून बसली. दाण्यावर फिरणारे जाते घुमते. हे नुसते करकरत होते, दगडावर दगड. तिला ते लगेच कळले, कारण तिच्या घरीही तेच चालले होते. लोकांना पत्ता लागू नये म्हणून सासू तिला रोज रिकामे जाते ओढायला लावी.

"आत्याबाई, ठकूबाईंना विचारू का?"

"आणि तिने उलट विचारलं तर?"

गोजराने पुन्हा जात्याचा खुंटा धरला. काही दिवसांनी शेजारचे जाते थांबले. ठकूबाई खुंट्यावर हात ठेवूनच गेली होती. घरातली सगळी मडकी उपडी. समोरच्या साळूबाईच्या कणगीत जुनी बाजरी होती. ती ठकूबाईच्या दारातच खाली बसली. "रोज दळण चालायचं की गं तिचं," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्या दिवशी गोजराचे अंगावरचे पोर दूध न मिळून रडायचेही थांबले. तिने जात्याची तळी उपसली, पोटाशी धरून अंगणात आणून टाकली.

"अब्रू वेशीला टांगतेस होय?" सासू आतून म्हणाली.

 गोजराने हाक दिली, "आमच्या जात्यात दाणा नाही हो. आम्ही रिकामंच फिरवतोय."

आळीतली दारे लोटलेलीच राहिली. तिने पुन्हा हाक दिली. घसा बसला, तरी दिली. ऊन अंगणभर पसरले तेव्हा समोरचे दार उघडले. रडून डोळे सुजलेली साळूबाई सूपभर बाजरी घेऊन आली आणि तळीवर ओतली.

"आधी तू खा, मग त्याला घे," ती म्हणाली. "आणि दम आला की अजून एकदा हाक दे, बाई. आणखी कुणी रिकामंच फिरवत असेल, तर त्यांनाही बाहेर येऊ दे. माझी कणगी अर्धी भरलेली आहे."