महाराणीची पाठ चेपणारी सीट

पेट्रोल पंपावर हवा भरणारा माणूस गाडीची विचारपूस करायचा आणि गाडीही त्याला उत्तर द्यायची, त्या काळातली ही गोष्ट. खोटी वाटली तर एखाद्या जुन्या गाडीलाच विचारा.

इंगवलेसाहेबांकडे दोन सेडान होत्या. जुनी टिटवी आणि नवी, दुप्पट ताकदीची महाराणी. माळावरच्या ट्रॅकवर दोघींनी दहा फेऱ्या पळायचं ठरलं. टिटवी हरली तर ती भंगारात जाणार होती.

सकाळी बशीर मिस्त्रींनी टिटवीची मागची सीट, स्टेपनी, पायपुसणीसुद्धा काढून ठेवली.

"काय गं आजी, अंगावरचे कपडे टाकून पळणार की काय?" महाराणी हसली.

"पोरी, तूही काहीतरी उतरव."

"माझी सीट पाठ चेपून देते. ती कशी उतरवू?"

पहिल्या दोन फेऱ्यांत महाराणी दिसेनाशी झाली. टिटवीच्या डोळ्यांपुढे भंगारवाल्याचा हातोडा नाचू लागला. चौथ्या फेरीत मात्र वळणावळणाला स्वतःचंच वजन आवरता आवरता महाराणीच्या ब्रेकमधून धूर निघाला. "कृपया विश्रांती घ्या," असं ती गोड आवाजात स्वतःलाच म्हणाली आणि कडेला थांबली. टिटवी खडखडत दहाही फेऱ्या पुऱ्या करून आली.

"मिस्त्री, माझीही सीट काढा ना," महाराणी हळूच म्हणाली.

मिस्त्रींनी आत डोकावलं. "बाई, तुझ्या सगळ्या वायरी एकमेकींत गुंतल्यात. सीट काढली तर तू सुरूच व्हायची नाहीस."

साहेबांनी भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. घर लांब होतं आणि टिटवीला मागची सीट नव्हती, म्हणून ब्रेक निवल्यावर ते महाराणीतच बसले. सीट छान पाठ चेपत होती, तरी साहेब मान वळवून मागून खडखडत येणाऱ्या टिटवीकडेच बघत राहिले.