मुकी पाठराखीण

फार वर्षांपूर्वीची, मुरडे बेटावर दीपगृहही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. बेटाच्या रानात शिळारी नावाचा चिमणीएवढा पक्षी गायचा. तो जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. बेटकऱ्यांना त्याचा फार अभिमान, म्हणूनच ते त्याला सुखानं राहू देत नसत. लेक सासरी निघाली की पाठराखीण म्हणून शिळारीची जोडी पिंजऱ्यात घालून देत.

नवरीला खाडीपार नेणारी होडी हिरूआतेची. खाडीच्या मध्यावरच्या काळ्या खडकाशी आलं की पक्षी गाणं थांबवत. आठवड्यात मरत. मग बेटावर चर्चा चाले, तिकडचं पाणी जड, पिंजरा अरुंद. पुढच्या लग्नात पिंजरा थोरला होई.

"पिंजरा वाढवताय. अक्कल कधी वाढवणार?" आते विचारी. लोक हसत आणि होडीत बसत. अशा चाळीस नवऱ्या तिनं पार नेल्या, असं म्हणतात.

मग रानात एकच जोडी उरली, आणि नेमकं बेटाचा प्रमुख दादू गावकर याच्या गोदूचं लग्न निघालं.

"ही शेवटची, दादू," आते म्हणाली.

"मग माझ्याच लेकीला रिकामी पाठवू? लोक काय म्हणतील?"

"पाठराखीण चार दिवसांनी परत येते. तुमची एक तरी आली?"

दादूनं पिंजरा स्वतः उचलून होडीत ठेवला.

काळ्या खडकाशी पक्षी गप्प झाले. आतेनं वल्ही आत घेतली.

"आते, मुहूर्त टळतोय."

"टळू दे. हे गायले की निघू."

भरती आली, ओहोटी लागली, पण होडी खिळा ठोकल्यासारखी जागची हलली नाही, असं म्हणतात. दादू आधी चिडला, मग पाया पडला. आते कोरडी भाकर चावत बसली. शेवटी गोदूच वैतागली.

"बाबा, मुकी पाठराखीण घेऊन मी काय करू?" म्हणत तिनं पिंजऱ्याचं दार उघडलं.

पक्षी बेटाकडे उडाले. रानातून अशी शीळ आली, की पैलतीरावरच्या वऱ्हाडानं माना वर केल्या. वल्ह्याला हात न लावता होडी पैलकाठाला लागली. मुहूर्तही आतेला भिऊन थांबला होता, असं म्हणतात.

आजही बेटाची नवरी निघाली की होडीत उघड्या दाराचा, रिकामा पिंजरा ठेवतात. काळ्या खडकाशी इंजिन बंद करतात. बेटावरून शीळ ऐकू येईपर्यंत कुणी बोलत नाही. तरी दर लग्नात एखादा मामा म्हणतोच, "आता पुष्कळ झालेत की. एक जोडी नेली तर काय बिघडतंय?"

तो मामा गप्प बसेपर्यंत इंजिन सुरू होत नाही, असं म्हणतात.