कानातला कापूस

एकदा एका महाविद्यालयाच्या बँडपथकात एक नवा विद्यार्थी दाखल झाला. त्याचे नाव काहीही असो, आपण त्याला शिष्यच म्हणू. त्याच्या घरात सनई पिढीजात होती. आजोबा देवळाच्या नगारखान्यात वाजवीत, वडील लग्नकार्यात वाजवीत, आणि हा तर पाळण्यात असल्यापासून सुरात रडत असे, असे गल्लीतल्या बायका सांगत. शेजारी भांडे पडले तरी त्याचा सूर कोणता ते तो सांगे. पुढे त्याने क्लॅरिनेट हाती घेतले आणि थोड्याच काळात तेही त्याला वश झाले. असा तयार कान त्या पथकाने आजवर पाहिला नव्हता.

गाव सैनिकांचे होते. घरटी एक तरी माणूस फौजेत जायचा. महाविद्यालयाच्या आवारात काळ्या दगडाचा एक स्तंभ उभा होता. इथे शिकून सीमेवर गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांची नावे त्यावर कोरलेली होती. दरवर्षी हिवाळ्यातल्या एका सकाळी पथक फाटकापासून स्तंभापर्यंत संथ चालीत वाजवत जाई, प्राचार्य एकेक नाव वाचीत आणि शेवटच्या नावानंतर लगेच मानवंदनेची धून सुरू होई. त्या वर्षी स्तंभावर सर्वांत खाली एक नाव नव्याने कोरले गेले होते. ते शिष्याच्या थोरल्या भावाचे होते.

हा भाऊ विद्यार्थी असताना याच पथकात ड्रम वाजवीत असे. शिष्याने पथकात नाव घातले ते एवढ्यासाठीच. दादासाठी धून वाजेल तेव्हा त्यात आपले क्लॅरिनेट असावे, याहून त्याला काही नको होते. आईने तर दादाचा पथकातला पांढरा पट्टा धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून ठेवला होता.

पथकाचे गुरू एक वृद्ध बँडमास्तर होते. त्यांनी फौजेच्या बँडमध्ये हयात घालवली होती. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ आणि बोलणे मोजके. त्यांचा एक नियम होता. नवा विद्यार्थी कितीही गुणी असला तरी पहिले वर्ष त्याने शेवटच्या रांगेत चालायचे. सगळ्यांत पुढे स्वतः मास्तर आणि त्यांची ताल दाखवणारी काठी, मागे ड्रम, मग बाकीची वाद्ये, आणि पार शेवटी ही नवी मंडळी. शिष्याला ते जरा लागले, पण घरचे वळण चांगले होते, म्हणून तो गप्प राहिला.

सराव सुरू झाला आणि विपरीतच घडू लागले. इतक्या तयार कानाचा हा मुलगा सतत मागे पडू लागला. फार नाही, केसभर. पण संथ चालीत केसभरही पुष्कळ होते. त्याच्या शेजारी झांजा वाजवणारा शेतकी शाखेचा एक विद्यार्थी होता. सुरांशी त्याचे जन्माचे वैर. आरतीत त्याने तोंड उघडले की पुजारी घंटा जोरजोरात बडवू लागे. पण याची झांज काही चुकत नसे, आणि आमच्या गुणी शिष्याचे क्लॅरिनेट मात्र रोज चुकत असे.

"मागून क्लॅरिनेट उशिरा येतंय," मास्तर पुढून म्हणत.

"मास्तर, मी ड्रमच्या अगदी बरोबर आहे," तो म्हणे.

"तुझ्या मते," एवढेच बोलून मास्तर पुन्हा काठी उचलीत.

मग तो जिवाचा कान करून ऐकू लागला. डोळे मिटून ऐकू लागला. तो जितके मन लावून ऐके तितका नेमाने उशिरा येई. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो ड्रमचा ठोका मनात घोळवीत राही आणि आपले चुकते कुठे, हे त्याला उमगत नसे. त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली.

कार्यक्रम आठवड्यावर आला तेव्हा मास्तरांनी एक विचित्र गोष्ट केली. सराव थांबवून ते शेवटच्या रांगेपर्यंत चालत आले. खिशातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे वळले आणि सर्वांदेखत आपल्या हातांनी शिष्याच्या कानांत घातले. मग त्याला ऐकू जावे म्हणून मोठ्याने म्हणाले, "आजपासून असंच वाजवायचं. कार्यक्रमातसुद्धा."

पथकात हशा पिकला. "पथकातल्या एकुलत्या कानालाच बूच मारलं," कोणीतरी म्हणाले, आणि झांजवाला सोडून सगळे हसले. शिष्याने बोळे उपसून काढले.

"मास्तर, माझ्या दादासाठी धून वाजणार आणि ती मीच ऐकायची नाही?"

"नाही ऐकायची."

"मग मला वाजवायचं नाही."

त्याने क्लॅरिनेट पेटीत घातले आणि तो चालू लागला. मास्तरांनी त्याला अडवले नाही. पाठमोऱ्या शिष्याला ते फक्त म्हणाले, "उद्या सकाळी नदीवर ये. वाद्य आणू नकोस."

घरी दादाचा तो पट्टा आता खुंटीवर टांगलेला होता. शेजारची बाई आली तेव्हा आई तिला सांगत होती, "औंदा धाकला वाजवनार हाय." शिष्याने ते ऐकले आणि झालेला प्रकार आईला सांगण्याचे त्याला धैर्य झाले नाही. सकाळी तो नदीवर गेला तो मास्तरांसाठी नव्हे, आईच्या त्या एका वाक्यासाठी.

मास्तर घाटाच्या पायरीवर बसले होते. नदीचे पात्र तिथे रुंद होते आणि पलीकडच्या काठावर एक परीट कपडे आपटत होता.

"बघ त्याच्याकडे," मास्तर म्हणाले.

शिष्य पाहू लागला. परटाने ओले कापड डोक्यावरून फिरवून दगडावर आपटले. काहीच ऐकू आले नाही. त्याने ते पुन्हा उचलले, डोक्यावर नेले, आणि तेव्हा कुठे पाण्यावरून 'धप्' असा आवाज आला.

"आवाज आला तेव्हा कापड कुठं होतं?"

"वर. डोक्यावर."

"आणि दगडावर?"

"आधीच आपटून झालं होतं."

"आता सांग, तू रोज कशाबरोबर वाजवतोस?"

शिष्याने पुन्हा पलीकडे पाहिले. परटाने आणखी एकदा कापड आपटले आणि आणखी एकदा आवाज उशिरा आला. मास्तर शांतपणे बोलू लागले.

"तुमच्या घरी सनई आणि संबळ मांडीला मांडी लावून बसतात. तिथं कान खरं सांगतो. पथकाचं तसं नाही. ते मैदानभर पसरलेलं असतं. पुढचा ठोका तुझ्यापर्यंत येतो तेव्हा तो पडून गेलेला असतो. तू प्रामाणिकपणे त्याला साथ देतोस, पण पडून गेलेल्या ठोक्याला. तुझा सूर पुढं पोचेस्तोवर आणखी उशीर होतो. तुझ्या कानात खोट नाही, बाळ. तो चांगला आहे म्हणूनच तू त्याच्यावर विसंबलास. त्या झांजवाल्याला ऐकलेल्यातलं काही कळत नाही, म्हणून तो मुकाट माझ्या काठीकडं बघतो, आणि ठोक्यावर येतो."

"काठी दिसली नाही तर?"

"पुढच्याची टाच बघ. त्याला दिसलेली असते."

शिष्याने मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाला, "सगळं पटलं, मास्तर. पण दादाची धून एकदा तरी मनसोक्त ऐकावी असं वाटतं हो."

वृद्ध मास्तर बोलले तेव्हा त्यांची नजर पलीकडच्या काठावर होती.

"फौजेत मी किती पोरांना शेवटच्या वाटेवर वाजवून पोचवलं, पण त्यातली एकही धून मी ऐकलेली नाही. मला आठवते ती पुढची काठी आणि पुढच्याची टाच. धून ऐकणं हे भोवती उभ्या असलेल्यांच्या वाट्याचं, वाजवणाऱ्याच्या नाही. तुला ऐकायची असेल तर आईच्या शेजारी उभा राहा. कुणी तुला बोल लावणार नाही, मीही नाही. दादाला द्यायची असेल तर शेवटच्या रांगेत ये."

एवढे बोलून त्यांनी कापसाचे दोन बोळे पायरीवर ठेवले आणि ते उठून गेले. शिष्याने ते उचलायला वेळ लावला, पण उचलले.

कार्यक्रमाच्या सकाळी धुके होते आणि आवारात अख्खे गाव लोटले होते. शिष्य दादाचा पांढरा पट्टा खांद्यावरून बांधून शेवटच्या रांगेत उभा राहिला. कानांत कापूस घातल्यावर जग दूर गेले. ड्रम कुठे तरी भिंतीपलीकडे वाजत असावेत, तेवढेच ऐकू येत होते. जवळ होता तो फक्त स्वतःचा श्वास. त्याला फार एकटे वाटले. पण धुक्यातून काठी वर गेली, खाली आली, आणि तो तिच्याबरोबर चालू लागला. वळणावर माणसे पुढे सरली आणि काठी दिसेनाशी झाली. तेव्हा त्याने पुढच्याच्या टाचेवर नजर रोवली आणि बोटे हलवत राहिला.

पथक स्तंभापाशी थांबले. प्राचार्य नावे वाचू लागले. शिष्याला त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. दादाचे नाव शेवटी येणार होते, आणि ते एक नाव तरी ऐकावे म्हणून त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. बोळा काढायला असा कितीसा वेळ लागणार? पण नावापाठोपाठ काठी उचलली जाणार होती आणि बोटे वाद्यावर असायला हवी होती. त्याने हात परत आणला. आता नाव कधी येईल आणि कधी जाईल, हे आपल्याला कळणारही नाही, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गर्दीच्या पहिल्या रांगेत त्याला आई दिसली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, हात जोडले आणि मान ताठ केली. नाव घेतले गेले होते.

काठी वर गेली. काठी खाली आली. शिष्याने वाजवले.

सारे आटोपल्यावर त्याने कानांतले बोळे काढले. बाहेर इतके आवाज असतात याचेच त्याला क्षणभर नवल वाटले. तो आईपाशी गेला आणि भीत भीत त्याने विचारले, "ऐकलंस का गं? मी बरोबर होतो?"

आई जरा घुटमळली. मग म्हणाली, "खरं सांगू? राग मानू नगंस. लई कान देऊन ऐकत हुते, पर तुझं वायलं काय ऐकूच आलं न्हाई. समदं मिळून एकच मानूस वाजवतोय, असं वाटलं बघ."

आईने त्याच्या खांद्यावरचा पट्टा सारखा केला आणि पुढे म्हणाली, "तुझा दादा वाजवायचा तवा बी आसंच व्हायचं. येवढ्यांदा आले, पर त्याचा ढोल मला कंदी वळखू आला न्हाई."

दूर मास्तर काठीला कापड गुंडाळीत होते. शिष्याने तिकडे पाहून तिथूनच नमस्कार केला. बोळे त्याने टाकले नाहीत, खिशात ठेवले.

पथकात नव्याने येणाऱ्याने आपले वाद्य घासूनपुसून जरूर आणावे, सोबत थोडा कापूसही असू द्यावा.