देवराईतली हाक

फार पूर्वी, घाटाखालच्या एका गावात, मुलांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या शाळेला ना भिंत होती ना छप्पर. गावची देवराई हीच शाळा. गळलेल्या पानावरून झाड ओळखायचं, मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या की पावसाचा अंदाज बांधायचा, असा तिथला अभ्यास.

देवराईत शिरताना वहाणा बाहेर काढायच्या, फांदी मोडायची नाही, हे तर सगळीकडेच असतं. पण या देवराईची आणखी एक रीत होती. झाडाखाली पडलेलं फळ उचललं, की खाण्याआधी हाक मारायची, "कोण आहे?" जो ओ देईल त्याला वाटा द्यायचा. मग तो पाटील असो, नाहीतर वाटसरू.

गावाला लागून ओढा होता. त्याच्या पलीकडे टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती. उन्हाळ्यात तिथली मुलं दगडांवरून उड्या मारत शाळेत यायची. पावसाळ्यात ओढा फुगला की पलीकडेच अडकायची. त्यातली एक मुलगी मात्र डोक्यावर इरलं घेऊन रोज काठावर उभी राहायची आणि ओरडायची, "बाई, आज काय बघितलं?"

"सुगरणीचं घरटं!" अलीकडून बाई जीव खाऊन ओरडायच्या. पण वारा पलीकडून वाहायचा आणि बाईंचे सगळे शब्द पाणी गिळून टाकायचं. मुलगी कानामागे हात धरून वाट बघायची आणि हिरमुसून परत जायची.

शेवटी त्यांनी राणीच्या दरबारी मागणं घातलं, "आमच्या शाळेला मदत करा. ओढ्यावर लाकडाचा एक साकव झाला की पलीकडची मुलं बारमाही शिकतील."

वैशाखात, आंबे पिकू लागले तेव्हा, दरबारचा कारभारी पालखीतून आला. वहाणा काढताना जरा कुरकुरला, मग तोंडभर हसला.

"नशीब उघडलं बाई तुमचं! राणीसाहेबांनी मोहरांची थैली पाठवलीय, ही घ्या. देवराईला कुंपण घालू, दाराशी पहारा बसवू, वर झकास छप्पर करू. नगरातली चांगल्या घरची मुलं येतील. गावातली नीटनेटकी असतील तेवढी घेऊ."

"आणि साकव?"

"साकव कशाला? पलीकडची पोरं रानातच तर वाढतात. माशाच्या पिल्लाला कुणी पोहायला शिकवतं का?"

"मग महालात वाढणाऱ्या राजपुत्राला राज्य करायला शिकवणारे गुरुजी कशाला ठेवलेत?"

मुलं फिसकन हसली. कारभाऱ्याचे कान लाल झाले. "जीभ फार चालते तुमची."

"दिवसभर पोरांत असते कारभारी. चालवावीच लागते."

तेवढ्यात कारभाऱ्याच्या पायाशी एक पिकला आंबा टपकन पडला. त्याने तो उचलला, उपरण्याला पुसला आणि सरळ चावा घेतला. मुलं बघतच राहिली. एक चिमुरडी न राहवून म्हणाली, "अहो काका, हाक राहिली!"

"कसली हाक? मी उचलला, मी खाल्ला."

बाईंनी समोरच्या थैलीकडे पाहिलं. छप्पर होतं त्या थैलीत, पावसात कोरडी राहणारी पोरं होती. फक्त इरलं घेऊन काठावर उभी राहणारी ती मुलगी नव्हती.

त्यांनी थैली परत कारभाऱ्याच्या हातात ठेवली. "घेऊन जा ही. हाक न मारता खाल्लेलं आमच्या देवराईत कुणाला पचत नाही."

पालखी गेली आणि गावचे पाटील कडाडले. "बाई, दारी आलेली लक्ष्मी परत धाडलीत? डोक्यावर छप्पर आलं असतं!"

"छप्पर आलं असतं पाटील. खालची पोरं गेली असती."

"आता पावसाळ्यात काय करणार ते तरी सांगा!"

"तेच शोधायचंय," म्हणत बाई मुलांकडे वळल्या.

पाऊस आला. ओढा फुगला. पलीकडून हाक आली, "बाई, आज काय बघितलं?" बाईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या मनात आलं, आपल्या शाळेला भिंती नाहीत, मग ती एकाच काठावर का बसलीय? मुलं येऊ शकत नसतील, तर शाळेने जावं.

"उद्या मी पलीकडे जातेय," एवढंच त्यांनी मुलांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाल्या. डोंगराला वळसा घालून पलीकडे जाणारी एक लांबची, निसरडी वाट होती. वेशीवर बघतात तर गावातली सगळी मुलं इरली घेऊन उभी!

"तुम्ही कुठे निघालात रे?"

"शाळेत," मुलं म्हणाली.

त्या दिवशी पलीकडच्या काठावर शाळा भरली. दोन्हीकडची मुलं एका झाडाखाली बसली आणि त्या मुलीने सुगरणीचं घरटं अगदी जवळून पाहिलं. मग रोजच असं सुरू झालं. मुलं संध्याकाळी चिखलाने माखून घरी यायची, पण एकही घरी थांबायला तयार होईना. पाटलांची नातसुद्धा नाही.

"माझ्या नातीचे पाय झिजवणार आहात तुम्ही!" पाटील पुन्हा कडाडले. पण श्रावणात ओढा जरा उतरला, तसे स्वतःच्या बागेतल्या पोफळी तोडून काठावर घेऊन आले. टोपल्यावाल्यांनी पलीकडून बांबू आणले आणि गाठी अशा आवळल्या की साकव हलेना. पहिल्यांदा त्यावरून पलीकडची ती इरलंवाली मुलगी पळत आली.

पुन्हा आंबे पिकले. पुन्हा पालखी आली. या वेळी कारभाऱ्याने सोबत एक पितळी पाटी आणली होती.

"साकव झालाच आहे, तर त्यावर राणीसाहेबांचं नाव लावून टाकू. दरबाराची शाळा म्हणून तुमचाही मान वाढेल."

"कुंपणाची अट?" बाईंनी विचारलं.

"ती आहेच."

"मग आमचा नकारही आहेच. पाटी परत न्या."

इतक्यात झाडाआडून आवाज आला, "कोण आहे?" तीच मुलगी, हातात आंबा घेऊन उभी होती. कारभाऱ्याने चमकून मागे पाहिलं आणि नकळत त्याच्या तोंडून "ओ" गेली.

मुलीने आंबा सोलला. एक फाक त्याच्यापुढे धरली. "घ्या काका. ओ दिलीत ना, मग तुमचाही वाटा."

कारभाऱ्याने ती फाक हातात घेतली. रस कोपरापर्यंत ओघळला. मग त्याने ती खाल्ली, पाटी उपरण्यात गुंडाळली आणि पालखीत न बसता, साकवावरून पलीकडची वस्ती बघायला चालत निघाला.

तात्पर्य: सगळ्यांच्या हक्काचं जे आहे, ते काहींना वगळण्याच्या अटीवर मिळत असेल, तर ताठ मानेने परत करावं आणि मिळून उभारावं. आणि उभारलं की हाक मात्र सगळ्यांना मारावी, काल ज्याने आपल्याला वगळलं त्यालाही.