गांजा ओढा, पण नाव घेऊन

“सकाळी मठाच्या बुवांना शब्द दिला, निवडून द्या, गांजा खुला करतो. दुपारी पारूअक्कांच्या महिला मंडळाला शब्द दिला, निवडून द्या, कुणाला एक झुरका मारू देत नाही. आणि आता सभेला दोघंही हजर!” उमेदवार आबासाहेब घाम पुसत म्हणाले. “सुगंधे, दोन्ही शब्द खरे कर.”

सुगंधाने हातातल्या कपबशा खाली ठेवल्या. “मी?”

“दोन्ही वेळेला चहा घेऊन तूच आत होतीस. बाहेर तूच फोडलंस.”

“नाही हो आबासाहेब. खिडक्या सताड उघड्या होत्या, अन् तुम्ही भाषणाच्या आवाजात बोलत होता.”

“तोंड चालतंय ना? मग डोकंही चालव. सभा उठायच्या आत तोडगा निघाला नाही, तर तुझ्या बापाची गेटवरची नोकरी गेली म्हणून समज.”

सुगंधा त्यांच्यामागून व्यासपीठावर आली. मंडपात डावीकडे भगव्या कफन्या, उजवीकडे लाटणी घेतलेल्या बायका. कर्णा कुंईऽ करून किंचाळला, तशी ती खुर्चीमागे लपली.

बुवा उठले. “खुला की बंद, एक काय ते सांगा.”

“हां, सांगाच,” पारूअक्का लाटणं आपटत म्हणाल्या.

आबासाहेबांनी माईक सरळ सुगंधाच्या हातात कोंबला. मागे वळावं, तर गेटवर बाबा उभे. गेल्याच आठवड्यात लग्न झालेला भाऊ तिला आठवला. नाव घेईना, म्हणून बहिणींनी दार अडवून त्याला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवला होता.

“गांजा खुला,” ती कशीबशी म्हणाली. डावीकडून टाळ्या पडल्या. उजवीकडून लाटणी वर झाली. “फक्त, ओढायची खोली एकच. तिच्या दारात महिला मंडळ उभं राहणार. बायकोचं नाव उखाण्यात घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. दर झुरक्याला नवा उखाणा. अन् तो पसंत पडला की नाही, ते मंडळ ठरवणार.”

लाटणी खाली आली. मग उजवीकडूनही टाळ्या पडल्या.

“त्यात काय अवघड?” मठात जाणारा एक शौकीन पुढे सरसावला. “चांदीच्या ताटात—”

“शिळा,” बायका एका सुरात म्हणाल्या. “मागे व्हा.”

“वाटीत वाटी—”

“तो आमच्या आजेसासऱ्यांनी घेतलेला. चला, पुढचा.”

बुवा हसून म्हणाले, “आम्ही संसार सोडलेली माणसं. आम्ही कुणाचं नाव घ्यायचं?”

मागच्या रांगेतून एक बाई पदर खोचून उठली. “माझं घ्या की. मीठ आणायला गेलात, ते अजून आला नाहीत.”

बुवांनी कफनी सावरली आणि मंडपाच्या कनातीखालून पळ काढला. बाई पाठोपाठ.

गलका थांबेना. तेवढ्यात एक वार्ताहर व्यासपीठाशी आला. “ते राहू द्या, आबासाहेब. तुमचं स्वतःचं मत काय? ओढावा की ओढू नये?”

आबासाहेबांनी सुगंधाकडे पाहिलं.

“सांगतील की,” सुगंधा म्हणाली. “पण त्यांच्या मनात शिरायचं तरी नियम सगळ्यांना सारखा. आधी तुम्ही वहिनींचं नाव घ्या.”

वार्ताहर कानापर्यंत लाल झाला. बायकांनी त्याला घेरलं. आबासाहेब पोट धरधरून हसले, गळ्यातला हार काढून त्यांनी सुगंधाच्या गळ्यात घातला आणि माईकवरच हुकूम सोडला, “हिच्या बापाला, गेटवरच्या दगडूला, उद्यापासून दुप्पट पगार. आणि माझी भाषणं यापुढे ही पोरगी लिहील.”